चौथा खांदा

माझं नाव विचारता, तर कोंचं सांगू, मला दोन हायेत. आईनं ठेवलं ठकी, बाप्तिस्मा झाला तवा मिशनच्या मास्तरांनी ठेवलं मार्था, आन माझा चुलता गेनूकाका अजून ठकेच म्हनतो, त्याच्या तोंडात दुसरं बसतच न्हाई. आमचं मूळ गाव भोरपासनं वर, वेळवंडीच्या काठाला, पर ते आता पान्याखाली हाय. उन्हाळ्यात धरनाचं पानी उतरलं की घरांची जोती उघडी पडत्यात, तवा लोक बघाया जात्यात, मी बी जाते. आमी कुनबी, खाली भाताची खाचरं, वर डोंगराला नाचनी आन वरई, दोन बैलं, एक म्हस. बा आन गेनूकाका सख्खे भाऊ, एका जोत्यावर दोन घरं, मधी निस्ती कुडाची भिंत, काकीनं तिकडं फोडनी दिली की इकडं आमाला ठसका लागायचा, इतकं जवळ.

आन मला ल्हानपनापासनं चौकशीची लई खोड. म्हस रवंथ करती ती तोंडात काय आनती, काजवा भाजतो का, धरनाचं पानी रातच्याला झोपतं का, हे असलं. आई मला फौजदार म्हनायची. भाकरी थापता थापता म्हनायची, फौजदार, आता गप, न्हाईतर तव्यावर तूच बस.

बा धरनाच्या कामाला गेला ते मला ध्यानात हाय. जुन्या भिंतीच्या खाली नवी मोठी भिंत बांधाय घेतली व्हती, दगड घडनारी मानसं लागत व्हती, बाच्या हातात छिन्नी लई सोपी चालायची. सुगी झाली की जायाचा, पेरनीला यायाचा. एका साली पायावर दगड आला. दगड केवढा तर म्हशीच्या तोंडाएवढा, गुडघ्याखाली समदं चेचलं. मिशनचा दवाखाना व्हता, तितं पडून ऱ्हायला, आन तितं एक मास्तर यायाचे, काळी टोपी, आखूड कोट, रोग्यांपाशी बसून येशूचं सांगायचे. बाचा पाय वाकडा बसला पर बसला. घरी आला तवा नुसता पायच बदलला नव्हता, काय सांगू तुमाला, मानूसच बदलला. आईला म्हनाला, मी येशूचा झालो, तुझी मर्जी असंल तर तू बी ये, नसंल तर मी तुला टाकनार न्हाई. आई म्हनाली, तुमी जाल तिकडं मी, मला काय इचारता. देव्हाऱ्यातलं टाक, म्हंजी पत्र्यावर उठवलेलं देव, बानं पान्यात टाकलं न्हाईत. धुतलं, फडक्यात बांधलं, गेनूकाकाच्या दारात नेऊन दिलं आन म्हनाला, हे वाडवडलांचं हाय, तू सांभाळ.

भावकी बसली. वाळीत टाकलं. न्हावी येईना, पानवठ्यावर आईची घागर मागं सारायची, लगनाचं आवतन न्हाई. पर लोक कसं असत्यात बघा, वाळीत टाकलं तरी मनात कुतूहल तर असतंच. बांधावरनं जाता जाता बाला इचारायचे, काय रं, तुझा देव बसतो कुठं? आमच्याकडं कसं, शिवेवरचा देव शिवेवर, म्हसोबा खाचरात, वाघजाई रानात, ज्याला त्याला आपली जागा. बा म्हनायचा, तो समदीकडं हाय. मंग ते हसायचे, समदीकडं म्हंजी कुठंच न्हाई की. मला बी ते खरं वाटायचं. म्या मास्तरांना इचारलं, समदीकडं हाय तर म्हशीच्या गोठ्यात बी हाय का? मास्तर हसलं न्हाईत, म्हनाले, पोरी, त्याचा जल्मच गोठ्यातला. तवापास्नं मी शेन काढताना बोलायची त्याच्याशी, आडोशाला कुनी न्हाई असं बघून.

आन मंग आई बाळंतपनात गेली. बाळ बी गेलं. आता ते लई सांगत न्हाई. तिला ठेवायचं म्हंजी पुरायचं, येशूच्या मानसांत तशीच रीत, पर गावात कुनी पुरत न्हाई, जाळत्यात, त्यामुळं कुनाला काय करावं कळंना, आन भावकीनं तर सांगूनच ठेवलं व्हतं, जो खांदा देईल त्याच्या पोरींची लगनं ऱ्हातील. गेनूकाकाच्या दोन पोरी पदरात. मास्तर आले, दवाखान्यातला एक जन आला, आन माझा बा. तीन मानसं. तिरडीला चार टोकं. पुढं मास्तर आन तो दवाखान्यातला, मागं बा एकलाच, मधोमध घुसून, वाकड्या पायानं. चौथा खांदा न्हाई. आन गेनूकाका आपल्या दारात उभा, खांबाला धरून, आमच्याकडं बघतोय. दोन पावलं टाकली असती तर पोचला असता. मी बघत व्हते येतो का. न्हाई आला.

खाचराच्या कोपऱ्याला जांभळीखाली पुरली. बानं एक चपटा दगड आनला, त्याच्यावर छिन्नीनं ल्हानसा क्रूस घडला आन तिच्या उशाला बसवला. रोज सांच्याला, बैलं बांधली की, बा तितं जाऊन डोळं मिटून बसायचा, ओठ हलायचे. मी लांबनं बघायची. एकदा म्या इचारलं, बा, काय बोलता? म्हनाला, माफी मागतो. म्या म्हनलं, कशाची? म्हनाला, धरनाच्या ज्या भिंतीनं हितं पानी चढनार, तिच्यात माझ्या हातचं दगड हायेत गं. म्या म्हनलं, देतो का माफी? म्हनाला, देतो, पर मला उद्या पुन्यांदा मागावीशी वाटती. गेनूकाकाशी मातुर तो एक शबूद बोलत नव्हता. कुडाची भिंत तीच, फोडनीचा वास तोच, पर भाऊ भावाला बोलंना.

मंग दवंडी आली. पानी भरनार, पावसाच्या आत वर जायाचं. घरांचं वासं सुटलं, कौलं उतरली, मानसं माळावर झोपड्या बांधाय लागली. आन समद्यांत मोठं काम म्हंजी देव हालवायचं. देव उचलायचा म्हंजी त्याला आदी इचारावं लागतं, त्याला कौल लावनं म्हनत्यात, फूल पान्यानं दगडाला चिकटवायचं, एक डावीकडं एक उजवीकडं, आन बसायचं. उजवं पडलं म्हंजी देव म्हनतो चल, डावं पडलं म्हंजी हलत न्हाई. वाघजाईपुढं अख्खं गाव उन्हात बसलं व्हतं. बायका आमाला इचारायच्या, तुमी काय नेनार गं वर? म्या बाला इचारलं, आपन काय न्यायचं? बा म्हनाला, आपल्या देवाला न्यावं लागत न्हाई, तो वर बी हाय. म्या म्हनलं, मंग खाली आईपाशी कोन? बा उठून वासं बांधाय गेला. मला लई भीती वाटली. मला वाटलं, पानी आलं की आई एकली ऱ्हानार, आन देव समद्यांसंगं वर जानार.

बानं दगड काढला न्हाई. तिच्या उशाचा हाय, तिच्यापाशीच ऱ्हाऊ दे म्हनाला. निघायच्या दिवशी आमी सकाळीच वर आलो. मास्तर भोरवरनं मदतीला आले व्हते, झोपडीच्या मेढी रोवत व्हते. दुपार कलली तवा खालनं गेनूकाका येताना दिसला. डोक्यावर पाटी, पाटीत टाक बांधलेलं फडकं, ते वळखीचं, आन उजव्या खांद्यावर कायतरी जड. मोठी चढन व्हती. धा पावलं यायचा, थांबायचा, झाडाला टेकायचा, पर खाली ठेवायचा न्हाई. जवळ आला तवा बघितलं, तो आईच्या उशाचा दगड. हळद लावलेला, कुंकू लावलेला, वर एक रानफूल चिकटलेलं.

आमच्या झोपडीपुढं आला, गुडघ्यावर बसला, लेकरू उतरवावं तसा दगड उतरवला. खांदा सोलून निघाला व्हता, रगात पाठीवर आलं व्हतं. खाली बघूनच म्हनाला, दादा, तुझा देव इसरलास तू खाली. तुझं मन थाऱ्यावर न्हाई, मला म्हाईत हाय. रोज सांच्याला तू याच्यापुढं बसतोस ते मी दारातनं बघतोय, तुमच्या देवाची खूण बी हाय त्याच्यावर. पान्यात देव सोडून यायचा म्हंजी कसं व्हईल. म्या त्याला कौल लावला, दादा, तासभर बसलो, उजवा दिला त्यानं. चल म्हनाला.

मास्तर मेढीला हात धरून उभे. क्रुसावर हळद-कुंकू, तेबी बाच्या दारात, मास्तर काय म्हनतील, बा काय करंल, मी नुसती एकाचं तोंड बघायची, मंग दुसऱ्याचं. बाच्या मानंची शीर फुगली व्हती. मला वाटलं आता दगड उचलून फेकतो. खाली वाकला. मंग म्हनाला, गेन्या, हा देव न्हाई रं. हा तुझ्या वैनीच्या उशाचा दगड हाय.

गावात जाळत्यात, पुरलेल्याच्या उशाला दगड बसवत्यात ते काकाला ठावच नव्हतं. म्हनाला, मंग म्या खांद्यावर कुनाला आनलं? आन मंग त्याला समजलं. तितंच मातीत कपाळ टेकून रडाय लागला, मोठा बाप्या मानूस, दोन पोरींचा बाप, वैने गं, वैने गं, तवा आलो न्हाई गं, असं म्हनून म्हनून. बा त्याच्यापाशी बसला. वाकडा पाय लांब करून. दगडावरची हळद आंगठ्यानं पुसून घेतली, समदी, क्रुसाच्या खाचंतली बी, आन भावाच्या सोललेल्या खांद्याला लावली. काका म्हनाला, दादा, मला शिवू नको, मी त्या लायकीचा न्हाई. बा म्हनाला, गप. मला रोज माफी लागती गेन्या, मी तुझी कशी अडवू. चौथा खांदा ऱ्हायला व्हता, तो आज आला. मास्तरांनी टोपी काढली. आन काकी तिच्या झोपडीतनं तांब्याभर पानी घिऊन आली, आन बा तिच्या हातचं पानी प्याला, समद्या गावादेखत.

असं झालं म्हनून समदं गोड झालं असं समजू नका. वाळीत टाकलेलं सुटाय लई वरसं गेली. आन मला तर कळतच नव्हतं की बाचा राग गेला कुठं. म्या इचारलं बी, बा, राग गेला कुठं? म्हनाला, गेला न्हाई, फौजदार, सकाळी येतो दारात, मी त्याला बाहीरच्या बाहीर लावून देतो, देव बसलाय म्हनतो आत, जागा न्हाई. ते मला तवा समजलं न्हाई. पुढं माझं लगीन झालं, नसरापूरकडचं घर, मानूस भला, मिशनच्या बंगल्यावर माळी व्हता. हिवतापानं गेला. पदरात एक पोरगी. तवा मीच राग घिऊन बसले व्हते, देवावरच, शेन काढताना बोलायचं सोडलं. तीन मानसांनी आई उचलली, तवा बी तू व्हतास, आन आता बी हायेस, मंग नुसतं बघतोस काय, असं इचारायची. पर बोलाय तर लागले परत, भांडता भांडता. ज्याच्याशी भांडन चालू हाय तो हितंच असनार की, न्हाईतर मी कुनाशी भांडत व्हते? असं मला एक दिवस वाटलं, आन मी हसले, शेनाचं हात तसंच.

पोरीला घिऊन माहेरी आले. बा गेला त्याला आता काही वरसं झाली. खांदा द्यायला अख्खी वाडी, टोकं चार आन मानसं मावंनात. पुढं कोन, तर गेनूकाका, म्हातारा झाला तरी कुनाला जागा देईना. आता साहेब गेला, संस्थान गेलं, भोरला झेंडा लागला, आमी हितंच. तो दगड झोपडीपुढं व्हता, आता घरापुढं हाय. वाडीतल्या बाया नवं भात आलं की त्याच्यावर दोन दानं टाकत्यात, मास्तर म्हनाले, टाकू द्या, पाखरं खात्यात. उन्हाळ्यात पानी उतरलं की मी जांभळीचं खोड हुडकून काढते, चिखलात उभी ऱ्हाते, आईला सांगते काय काय झालं. तितं एकलं वाटत न्हाई. वर बी वाटत न्हाई. दोन्हीकडं कसा असतो तो, ते मला अजून कळलं न्हाई, गेल्यावर पयलं तेच इचारनार हाय.

गेनूकाकाला आता दिसत न्हाई. सांच्याला काठीनं चाचपडत येतो आन दगडापाशी बसतो. परवा मला म्हनाला, ठके, एक इचारू का, तुझ्या बानं मला माफ केलं, ते म्या बघितलं. पर तुमचा देव करंल का गं मला माफ? मी तर अजून वाघजाईचा, टाक पूजतो. म्या म्हनलं, काका, तुमच्या खांद्याला हळद कुनी लावली? म्हनाला, दादानं. म्या म्हनलं, बाचा राग तुमाला ठाव हाय, त्याला ते कुनी शिकवलं? काकानं काठीनं मातीत रेघा मारल्या. मंग खांद्यावर जितं वन पडलाय तितं हात फिरवला आन म्हनाला, म्हंजी त्या दिवशी कौल खराच उजवा पडला व्हता म्हन की. आता ह्याला मी काय सांगनार, मास्तर असते तर त्यांनी काय सांगितलं असतं देव जाने. म्या म्हनलं, व्हय काका, उजवाच.