ठिगळवालं स्टेशन

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि गावच्या मोटारगाडीचे मालक शेठजी, व्यासपीठावरचे पाहुणे, उद्या कायमचे लेकीकडे राहायला निघालेले आपले सत्कारमूर्ती स्टेशनमास्तर, आणि दाटीवाटीनं बसलेल्या माझ्या आयाबहिणींनो, भावांनो,

बंद पडलेल्या स्टेशनचा इतिहास सांगायला मला उभं केलंय. शाळा मी बाहेरूनच पाहिली. पण त्या फलाटावर चहा विकण्यात उमर गेली, म्हणून दोन शब्द.

आपलं स्टेशन लहान. मास्तरांनी खांबावर लाल निशाण चढवलं तरच गाडी थांबायची, नाहीतर शिट्टी मारून पसार. एकदा माझ्या शेगडीची ठिणगी उडाली आणि निशाणाला भोक पडलं. मास्तर म्हणाले, "तुमच्या शेगडीला सरकारी कापडच गोड लागतं वाटतं?" आमच्या हिनं जुन्या पोलक्याचं निळं ठिगळ लावून दिलं. तेव्हापासून गाडीवाले आपल्याला 'ठिगळवालं स्टेशन' म्हणू लागले.

मग एका सकाळी निशाण गायब. मास्तरांनी वर कळवून नवं मागवलं. ते आलं, पण स्टेशन बंद करण्याच्या हुकुमानंतर. मधल्या काळात आपण फलाटावर हात हलवत उभे, आणि गाडी नाकासमोरून पुढे. वर समजूत काय झाली? इथं कुणी चढतच नाही. आणि गावाची समजूत? मास्तरांनी निशाण विकून खाल्लं. भर बाजारात त्यांना ऐकवलं गेलं, "काय मास्तर, कापडाला भाव काय मिळाला?" मास्तर मान खाली घालून पुढे जायचे.

त्याच आठवड्यात शेठजींची भाड्यानं माणसं नेणारी मोटार सुरू झाली. योगायोग असेल. भल्या माणसावर शंका घेणारा मी कोण?

शेठजी, तुमच्या पुढ्यातली फुलदाणी जरा सरकवता का? असू दे म्हणता? बरं. पुढच्या रांगेतल्या सूनबाई, तुम्ही सरकवा. अजून थोडी. बास.

टेबलावरचं हे लाल कापड कुठलं हो, शेठजी? "आमच्याच गोदामातलं. जुनं पडलं होतं, मंडपवाल्यानं काढलं," म्हणताहेत. मागच्यांना ऐकू गेलं ना? शेठजींच्या गोदामातलं.

फुलदाणीखालचं निळं ठिगळ पुढच्या रांगेला दिसत असेल. ठिगळ लावणारी गेली, टाका मात्र अजून उसवला नाही.

हे कापड गोदामात आपल्या पायांनी गेलं की कुणी नेलं, ते शेठजी सवडीनं सांगतील. मास्तरांनी ते विकलं नव्हतं, एवढं तरी आज ठरलं की नाही? गावातून जाताना माणसाची मान वर असावी. म्हणून शेठजी, ती शाल राहू द्या. हेच कापड तुमच्या हातानं मास्तरांच्या खांद्यावर घाला. उठा, आम्ही थांबतो.

मला बोलू दिलंत, तुम्हा सगळ्यांचे उपकार. म्हाताऱ्याच्या तोंडून काही कमी-जास्त गेलं असेल तर पोटात घाला. आणि भर सभेत टेबल उघडं पडलं, तेवढ्यापुरती अध्यक्षांनी मला माफी द्यावी.