थंडीपुरती सायकल

(उल्हासनगर, कॅम्प तीनमधलं सायकलचं दुकान. १९९४ चा डिसेंबर, रविवार सकाळ. बदलापूरहून आलेले अनंता, त्यांची कॉलेजातली मुलगी पद्मजा आणि दुकानदार हशमतशेठ.)

पद्मजा : पप्पा, ही वजन कमी करायची सायकल आहे. मला रेसला उतरायचंय, पोट नाही उतरवायचं.

शेठ : अरे बेटी, पोटवाले तर माझे कस्टमर आहेत! बघ, मीटर पण लागलाय. घरात बसून दहा किलोमीटर मार. ना धूप, ना धूळ.

अनंता : पॅडल जड करता येतं ना?

शेठ : हा पट्टा आवळा ना साईं. जेवढा आवळाल तेवढी जड.

पद्मजा : आणि हँडल? आरामखुर्चीत बसल्यासारखं वाटतं. महिनाभर ह्याच्यावर बसले तर पुण्याला निवडीच्या दिवशी मला खाली वाकता तरी येईल का?

अनंता : मग तू सांग कोणती. मघापासून नुसतं नको नको चाललंय.

पद्मजा : घ्यायचंच असेल तर तो रोलर घ्या. कोपऱ्यातला.

शेठ : वो? एका रेल्वेवाल्याने मागवला, फिर आलाच नाय. ह्या तीन नळ्यांवर आपलीच सायकल चढवायची. जागच्या जागी पळते.

अनंता : आणि तिला धरून काय ठेवतं?

शेठ : काही नाय. बॅलन्स.

अनंता : म्हणजे पडणार.

पद्मजा : पडले तर घरातच पडेन. तुम्हाला तेच पाहिजे ना?

अनंता : पद्मा, दुकानात आहोत आपण.

पद्मजा : मग आणलंत कशाला दुकानात? पावसात आपल्या मांजर्लीला पाणी भरलं होतं, तरी मी अंबरनाथपर्यंत जाऊन येत होते. तेव्हा एका शब्दाने बोलला नाहीत.

अनंता : आता थंडी आहे. पहाटे नदीवरून धुकं येतं, ट्रकवाल्याला समोरचं दिसत नाही. थंडीपुरतं घरात चालव.

पद्मजा : आणि थंडी संपल्यावर, फेब्रुवारीत? तेव्हा सोडाल? बोला ना.

अनंता : तेव्हाचं तेव्हा बघू.

पद्मजा : शेठ, ह्यांना धुक्याचं काही पडलेलं नाही. अंबरनाथच्या वाटेवर, चिखलोलीच्या पुढे दोन पोरं स्कूटरवरून माझ्या मागे येतात. परवा तर एकाने चालत्या सायकलची सीट धरली. मी घरी येऊन सांगितलं, तर दुसऱ्या दिवशी कुलूप माझ्याच सायकलला!

शेठ : अरे बाप रे. पोलीस में जाओ ना साईं.

अनंता : तुम्ही तुमचं बघा, शेठ.

पद्मजा : ती पोरं उंडारणार आणि मी शिलाई मशीनच्या बाजूला पाय मारत बसणार. ही सायकल त्यांच्या घरी पाठवा. घरात बसायची गरज त्यांना आहे.

अनंता : हळू बोल.

पद्मजा : का हळू? हिरवी स्कूटर आहे, नंबर पाठ आहे मला. मालक शोधायला कितीसा वेळ लागणार?

अनंता : शोधायची गरज नाही.

पद्मजा : म्हणजे?

अनंता : आमच्या कंपनीतल्या सुपरवायझरचा पोरगा आहे तो. बापाचा डबा घेऊन त्याच स्कूटरवरून गेटवर येतो.

पद्मजा : तुम्हाला माहीत होतं?

अनंता : तू नंबर सांगितलास तेव्हाच कळलं.

पद्मजा : आणि मला धुकं सांगत बसलात.

अनंता : मग काय सांगू? इतकी वर्षं झाली, मी अजून टेंपररीच आहे. साहेबांनी मनात आणलं तर उद्या मी गेटच्या बाहेर. पोरीला हे कुठल्या तोंडाने सांगू? लाज वाटली मला.

पद्मजा : भीती मलापण वाटते, पप्पा. चिखलोली आली की सारखी मागे वळून बघते. तरी जातेच ना मी?

शेठ : तो... कौनसी बांधू? ही, की रोलर?

अनंता : काही बांधू नका. थांबा जरा. पद्मा, साहेब अंबरनाथला राहतात. आज रविवार, घरीच असतील. जाताना उतरू मध्ये.

पद्मजा : खरंच? मी खाली थांबते हवं तर.

अनंता : नको. तू वर चल. एकट्याच्या माझ्या तोंडातून शब्द फुटायचा नाही.