डाव्या काखेतली सुरकुती

जनावरांच्या दवाखान्यात मांजराला लस टोचून घ्यायला आलेल्या निवृत्त बाईंनी पुस्तक उघडलं खरं, पण कान होते शेजारच्या बाकावर. तिथे शिंपी, त्याची बायको आणि छातीला पट्टी बांधलेली म्हातारी कुत्री.

“डॉक्टर काय म्हणाले, परत सांग.”

“तिसऱ्यांदा सांगते. गाठ कर्करोगाचीच होती, पण बोराएवढी असतानाच सापडली. सगळी निघाली. कुठे पसरलेली नाही.”

“माझ्यामुळे सापडली.”

“तुमच्यामुळे? अहो, तुम्ही तर हिचा डगला चार वेळा उसवलात!”

“डाव्या काखेत सुरकुती पडत होती. वाटलं, बेतताना चुकलो.”

“चाळीस वर्षांत कधी चुकलात? मीच म्हटलं, कापड सोडा, कुत्री चाचपा.”

“मग चाचपली कोणी?”

“तुम्हीच. आणि घेरी येऊन पडलातही तुम्हीच. आधी तुम्हाला पाणी पाजलं, मग हिला इथे आणलं.”

“आता दर महिन्याला चाचपणार. मानेपासून शेपटीपर्यंत.”

“चाचपा. आधी डोळे पुसा, लोक बघताहेत.”

“बघू देत.”

बाईंनी पुस्तक मिटलं, टोपलीचं झाकण उघडलं आणि मांजराच्या पोटावरून सावकाश बोटं फिरवली. मांजर गुरगुरलं. बाईंनी दाद दिली नाही.