गॅसची गोळी

हसाल मला, पण आमचे हे आज अंगणात बसून चहा पितायत, ते शेजारच्या सदाने माझं बोलणं अर्धवट ऐकलं म्हणून. सदा रिक्षा चालवतो.

त्या दिवशी सकाळी ह्यांच्या छातीत जळजळायला लागलं. म्हणाले, "गॅस झालाय गो, काल तिसऱ्यांचं कालवण जास्त खाल्लं." मी सदाला फोन लावला, "येताना गॅसची गोळी आण रे, लवकर!" तो मिरकरवाडा बंदरावर, मासळीच्या लिलावाच्या गलक्यात. त्याला ऐकू आलं फक्त "गॅस" आणि "लवकर".

थोड्या वेळाने बघते तर खांद्यावर भरलेला सिलिंडर घेऊन सदा थेट स्वयंपाकघरात! मी कपाळाला हात लावला. पण त्याचं लक्ष तिथेच बसलेल्या ह्यांच्याकडे गेलं.

"काका, एवढा घाम कसला? आणि हात का चोळताय?"

"गॅस चढलाय रे, हातापर्यंत आलाय."

"गॅस हातात येत नाय काका. माझ्या बापाचं असंच झालेलं, आणि आम्ही सोडा पाजत बसलो. चला, रिक्षात बसा."

डॉक्टर म्हणाले, हार्ट अटॅक होता, वेळेत आणलंत.

घरी आल्यावर हे सदाला चिडवायला लागले, "गोळी मागितली तर सिलिंडर आणतोस? कान तपासून घे!"

मी म्हटलं, "अहो, त्या कानांना हात जोडा. गोळी त्याने दारातूनच दिली असती. सिलिंडर ठेवायला आत आला, म्हणून तुम्ही त्याला दिसलात."