विनायकानं मला न सांगितलेला शेवट

मंडळी, मागच्या खुर्च्यांवरच्यांनो, पुढं या. आज मला मोठ्यानं बोलवत नाही. माझं तोंड बंद पडलेलं बघायला विनायक असता, तर त्यानं पेढे वाटले असते.

चार दिवस झाले त्याला जाऊन.

इथं हॅम्बर्गला मुलाकडे आले तेव्हा मला अक्षर येत नव्हतं. आजही येत नाही. आमचे हे नुकतेच गेले होते, मी घरात मुकी बसलेली. विनायक इथं शिकायला आलेला, रविवारचा आमच्याकडे जेवायला यायचा. म्हणाला, "आजी, युनिव्हर्सिटीत जुना जपानी बोलपट लावलाय. उठा."

पडद्यावर जपानी बोलणं, खाली जर्मन अक्षरं, कानाशी विनायकाचं मराठी. "आजी, यांच्या धन्याला कपटानं मारलं. आता हे सूड घेणार."

आमच्या गावात धनी म्हणजे नवरा. मी म्हटलं, "अरे, एवढ्या तलवारवाल्या बाप्यांचा मिळून एकच नवरा?"

"मालक हो आजी, मालक!" असा हसला, की पुढची बाई वळून "श्श!" म्हणाली.

सूड झाला. मग सगळे पांढरे कपडे घालून, पुढ्यात एकेक सुरा ठेवून ओळीनं बसले. "आता रे?" मी विचारलं. त्यानं खालची अक्षरं वाचली. म्हणाला, "आता घरी जाणार, आजी."

मला वाचता येत नाही, दिसतं मात्र. घरी निघालेली माणसं इतकी सावकाश बसतात होय? मी 'बरं' म्हटलं. त्याच्या मायेचा मान राखला. पण एवढ्यांनी आपल्या हातानं घेतलेलं मरण मी एकटीनं बघितलं. शेजारी माणूस असून एकटीनं. ते जड गेलं, मंडळी. त्याला हे सांगायचं राहिलं.

म्हणून तुम्हाला सांगते. तुम्ही सगळ्यांनी मिळून साताऱ्याला त्याच्या आईला तार केलीत, 'विनायक सीरियस.' का? तर पुढचं हळूहळू कळवू. आपल्याकडची रीतच आहे ती. मीही असल्या तारा करायला लावल्यात. पण ती माउली देव पाण्यात ठेवून बसली असेल. कुणासाठी? आणि तिला कळलं नसेल, असं वाटतं तुम्हाला? कळलं असेल. फक्त रडायची मुभा नाही तिला.

वसंता, पहिली तार तू केलीस ना? मग दुसरीही तूच लिही. नुसतं 'हो, हो' म्हणत मान हलवू नकोस, बस. लिही, 'विनायक गेला. आम्ही उशाशी होतो. तुम्ही रडा, आम्हीही रडतोय.'

बाकीचे उभे राहा. त्याचं लिहून होईपर्यंत कुणी बोलू नका.