भोंग्याचा नारळ

सर्किट बोर्डासाठी नारळ फोडलेला कधी पाहिलाय का? आमच्या तेलगावात फोडला, तोही माझ्याच घरात.

टाकी भरली की ओरडणारा भोंगा माझ्या बायकोनं ती शिकवायची त्या शाळेच्या सर्किट बोर्डावर बनवला होता. ती वारली आणि शाळेनं बोर्ड परत मागितला. तिचा प्रोग्रॅम त्या एकाच चिपमध्ये होता, दुसरीकडं कुठंच नाही. मग मी चिप काढून घेतली आणि त्या चिपपुरता छोटा बोर्ड सोल्डर केला. क्रिस्टल, दोन-चार कपॅसिटर, भोंगा आणि टाकीत सोडायच्या दोन तारा, बस्स.

सप्लाय दिला, दिवा लागला. तेवढ्यात शेजारचा दगडू नारळ घेऊन हजर. "नव्या मोटारीला फोडतो, मग ह्याला कावून न्हाई?"

"लांब फोड बे, चिप जळंल."

त्यानं टेबलाच्या कडेवरच आपटला. पाणी थेट तारांवर गेलं आणि भोंगा कोकलू लागला. चिप गेली म्हणून मी बोर्डावर वाकलो. पण चिप ठणठणीत होती. तारांना पाणी लागलं की ओरडायचं, एवढंच बायकोनं तिला शिकवलं होतं.

दगडू दोन पावलं मागं सरकला. "वहिनीच हायेत. मला बघून अशाच वरडायच्या."

तारा पुसायला मी जरा उशीरच केला.