काकूंकडची किल्ली

अरे, परदेशात शिकून आल्याआल्या मी आमच्या कॉलनीत एक क्रांती केली. शेजारच्या काकूंकडे कायम असायची ती आमच्या घराची किल्ली परत मागितली. म्हटलं, "काकू, थोडी प्रायव्हसी हवी." त्यांनी दुसऱ्या दिवशी आणून दिली.

मग आईबाबांना गाडीने गोकर्णला नेलं. थकून नाशिकला परतलो, तर घराच्या सगळ्या किल्ल्यांचा जुडगा तिकडेच राहिलेला! आई गुडघे धरून पायरीवर बसली. तेवढ्यात काकू आल्या आणि त्यांनी सरळ आमचं कुलूप उघडलं. आत तुळस टवटवीत, ओट्यावर पिठलं-भाकरी झाकलेली.

"काकू, तुमच्याकडे किल्ली?"

"तू मागितलीस ना, देण्याआधीच दुसरी करून घेतली. आता ही पण नेतोस का?"

म्हटलं, "नको काकू. उलट अजून एक करून ठेवा."